थरथरणारा हात प्रत्येक वेळी पार्किन्सन्सचा नसतो

मुंबईतल्या पारशी कॉलन्यांमध्ये १९८० च्या दशकात डॉ. एडी भरुचा, डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन मज्जासंस्थेच्या आजारांची मोजदाद केली. १४,०१० माणसांची ही पाहणी. दवाखान्यात कोण येते याची वाट न बघता त्यांनी थेट लोकांच्या घराचा दरवाजा वाजवला. आधी प्रश्नावली भरून घेतली आणि शंका आली त्या माणसांना मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासले. त्यात पार्किन्सन्सचे ४६ रुग्ण सापडले. हात थरथरण्याचा दुसरा एक विकार, ज्याला डॉक्टर इसेन्शियल ट्रेमर म्हणतात, तो मात्र शंभरांत दीडहून थोड्या अधिक लोकांना होता, म्हणजे पार्किन्सन्सच्या जवळजवळ पाचपट. हे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. इतकी वर्षे लोटली, तरी आजही घरातल्या वडीलधाऱ्यांचा हात हलायला लागला की आपल्या तोंडी पहिले नाव पार्किन्सन्सचेच येते, आणि जो विकार कितीतरी जास्त घरांत आहे त्याचे नावही बहुतेकांनी ऐकलेले नसते.

हा विकार वयाबरोबर वाढतो. १९ देशांतल्या २८ पाहण्या एकत्र करून २०१० मध्ये मांडलेला हिशेब असा, की सर्व वयांचे लोक धरले तर शेकडा ०.९ जणांना इसेन्शियल ट्रेमर असतो, पण पासष्टीपुढे हेच प्रमाण शेकडा ४.६ होते. पंच्याण्णवी गाठलेल्या लोकांत तर काही अभ्यासांना ते शेकडा २० हूनही जास्त आढळले. वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्याला कारण आहे. नुसते ‘तुमचा हात थरथरतो का?’ असे विचारले तर पुष्कळ जण नाही म्हणतात. त्यांच्याच हातात पाण्याचा पेला देऊन तो ओतायला सांगितला की कंप दिसतो. किती बारीक थरथर ‘विकार’ म्हणून मोजायची, यावरही आकडा हलतो. पण सावधपणे कमीत कमी धरले तरी ज्येष्ठ नागरिक संघाच्या शंभर जणांच्या बैठकीत दोन-चार जण असे असणारच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसे एक कोटीच्या वर होती. म्हणजे आपण लाखांत बोलतो आहोत.

मग ही माणसे आपल्याला दिसत का नाहीत? कारण ती लपतात. लग्नाच्या पंगतीत ‘पोट बरं नाही’ म्हणून पान टाळतात. चहा आला की ‘आत्ताच घेतला’ म्हणतात. हळदीकुंकवाला गेल्यावर कुंकू लावायला पुढे होत नाहीत, कारण बोट कपाळावर नेमक्या जागी टेकत नाही. मंदिरात तीर्थ घेताना ओंजळ हलते आणि मागचा माणूस बघतो आहे असे वाटत राहते. घरच्यांना वाटते, वय झाले, आता माणसांत मिसळणे नको वाटते. खरे तर नको वाटते ते थरथरताना दिसणे. ही माणसे डॉक्टरकडेही जात नाहीत. पाहण्यांत जे रुग्ण सापडतात त्यांतल्या बहुतेकांना तोवर कुणी तपासलेलेच नसते. काहींना पार्किन्सन्स निघेल याची धास्ती असते, तर काहींची पक्की समजूत असते की म्हातारपणी असे व्हायचेच. ही भीतीही घालवता येते आणि ती समजूतही खोटी आहे. निरोगी म्हातारपणात हात इतका थरथरत नाही की कपातला चहा सांडावा.

चहाच्या कपाकडेच जरा बारकाईने पाहा. हात मांडीवर निवांत ठेवलेला असतो तेव्हा तो स्थिर असतो. माणूस कप-बशी उचलतो आणि बशीवर कप किणकिणू लागतो. कप ओठांकडे जातो तसतशी थरथर कमी न होता वाढत जाते आणि शेवटच्या वितीभर अंतरात सर्वांत जास्त होते. म्हणून माणूस कप तोंडाकडे न्यायचा सोडून तोंडच कपाकडे नेतो. इसेन्शियल ट्रेमरची ही ठेवण आहे : हात काम करत असताना किंवा हवेत धरून ठेवला असताना थरथरतो. सेकंदाला साधारण ४ ते १२ वेळा. वय वाढते तसा वेग मंदावतो, पण झोका मोठा होतो, आणि त्रास झोक्याचा असतो. कंप बहुधा दोन्ही हातांत असतो, एखाद्यात जरा जास्त. काहींची मान ‘नाही नाही’ किंवा ‘हो हो’ म्हणावे तशी हलते, काहींचा आवाज कापरा होतो. झोपेत सगळे थांबते. भूक, जागरण, ताप, घाई आणि चारचौघांच्या नजरा यांनी वाढते. हॉलिवूडच्या कॅथरीन हेपबर्न यांच्या मान हलण्याला लोक पार्किन्सन्स समजत, पण त्यांना इसेन्शियल ट्रेमर होता. १९८१ च्या ‘ऑन गोल्डन पाँड’मधल्या ज्या भूमिकेसाठी त्यांना चौथे ऑस्कर मिळाले, तीत हा कंप पडद्यावर स्पष्ट दिसतो. पुढे त्या ९६ वर्षांपर्यंत जगल्या.

दोष हातात नसतो. लहान मेंदू, मेंदूच्या आतला थॅलॅमस आणि हालचाली ठरवणारा मेंदूचा पृष्ठभाग यांना जोडणाऱ्या मज्जामार्गांत एक लयबद्ध गडबड होते आणि ती हातापर्यंत पोचते. त्यामुळे ‘अशक्तपणा आहे, टॉनिक द्या’ हा उपाय चुकतो. बऱ्याच रुग्णांच्या घरात आई, वडील, काका, आत्या अशा कुणाचा तरी हात हलत असल्याचे आठवते. अनुवंशिकता आहे हे उघड आहे, पण कारणीभूत असे एकच एक जनुक हाती लागलेले नाही, म्हणून रक्त तपासून हे निदान होत नाही. ते डॉक्टरांच्या डोळ्यांनी आणि तुम्ही सांगितलेल्या हकिकतीने होते.

पार्किन्सन्सचा कंप वेगळा असतो. हात मांडीवर सोडून माणूस टीव्ही बघत बसलेला असतो आणि अंगठा व तर्जनी गोळी वळल्यासारखी हलत असतात. हात उचलून कप धरला की थोडा वेळ कंप थांबतो किंवा कमी होतो. तो बहुधा एका बाजूला सुरू होतो. सोबत हालचाली मंदावतात, चालताना एक हात झुलत नाही, चेहऱ्यावरचे भाव ओसरतात, अक्षर बारीक होत होत ओळीच्या शेवटी वाचता येत नाही. इसेन्शियल ट्रेमरमध्ये अक्षर उलट मोठे आणि वेडेवाकडे होते. मान हलत असेल तर इसेन्शियल ट्रेमरचा संशय जास्त, नुसती हनुवटी किंवा जबडा हलत असेल तर पार्किन्सन्सचा. ही ढोबळ वाटणी झाली. काहींच्यात दोन्हींची सरमिसळ असते, आणि इसेन्शियल ट्रेमर असलेल्यांत पुढे पार्किन्सन्स होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असल्याचेही अभ्यास सांगतात. म्हणून एकदा निदान झाले की विषय संपला असे नाही, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा दाखवावे. जाणकारांनी २०१८ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार दोन्ही हातांत काम करताना होणारा कंप किमान ३ वर्षे असावा आणि दुसऱ्या मेंदूविकाराची लक्षणे नसावीत, तेव्हाच हे नाव द्यावे. ही काळजी उगाच नाही : एका अभ्यासात हे निदान घेऊन आलेल्यांपैकी तिघांतल्या एकाहून जास्त जणांना प्रत्यक्षात दुसरेच काही निघाले होते.

आपल्याकडे हे ‘दुसरेच काही’ अनेकदा औषधांच्या डब्यात सापडते, आणि या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवा : कंप सुरू झाला की आधी घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा. पित्तासाठी दिल्या जाणाऱ्या पुष्कळ कॅप्सूलमध्ये पित्तशामकाबरोबर लिव्होसल्पिराइड नावाचे औषध असते. उलटीसाठीचे मेटोक्लोप्रमाइड, चक्करेसाठीची प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन ही औषधेही त्याच पंक्तीतली. वयस्क माणसाने ती महिनोन्महिने घेतली तर हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणे दिसू शकतात. चक्कर आठवड्यात थांबलेली असते, पण दुकानदार जुनी चिठ्ठी बघून गोळ्या देत राहतो आणि वर्षभर त्या चालूच असतात. दुसरा गट नुसती थरथर वाढवणारा : दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल, थिओफायलिन, फिटांवरचे व्हॅल्प्रोएट, लिथियम, हृदयाची लय सांभाळणारे अमिओडॅरोन. यांतली काही औषधे जीव वाचवणारी आहेत, तेव्हा लेख वाचून आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. प्रश्न विचारा, निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या. थायरॉइड वाढल्यानेही हात थरथरतो, त्याची रक्ततपासणी साधी आहे आणि ती व्हायलाच हवी. मधुमेह्यांनी विशेष जपावे : घाम फुटून, छातीत धडधडून हात कापायला लागला तर तो साखर उतरल्याचा कंप असू शकतो. त्या वेळी आधी साखर तपासा.

डॉक्टरकडे जाण्यापूर्वी घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे आणि मेंदूविकारतज्ज्ञही तीच करतात. कोऱ्या कागदावर, मनगट किंवा कोपर न टेकता, मध्यापासून बाहेर वाढत जाणारे चकलीसारखे वेटोळे काढा. आधी एका हाताने, मग दुसऱ्या. खाली एक वाक्य लिहा, सही करा आणि तारीख टाका. रेघेला करवतीसारखे दाते पडतात का, वेटोळे आकसत जाते का, हे त्यावरून डॉक्टरांना कळते. दर सहा महिन्यांनी असा एक कागद काढून फाइलला लावला तर आजार वाढतो आहे की गोळी लागू पडते आहे, याचा इतका स्वस्त पुरावा दुसरा मिळत नाही. शिवाय मोबाइलवर एक मिनिटाचे चित्रण करा : हात मांडीवर असताना, पुढे ताठ धरलेले असताना, पाणी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतताना, आणि दहा पावले चालताना. तपासणीच्या खोलीत कंप नेमका कमी किंवा जास्त होतो, म्हणून हे उपयोगी पडते.

थांबू नये अशीही काही लक्षणे आहेत. कंप अचानक एका दिवसात आला, फक्त एकाच बाजूला आला, चालताना तोल जाऊ लागला, वजन घटून धडधड होऊ लागली, तर भेट पुढे ढकलू नका. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, हातातली ताकद गेली, तर तो कंपाचा विषयच नाही. तडक रुग्णालय गाठा.

आता उपचार. विकार मुळापासून जात नाही, पण कंप कमी करता येतो. कामे अडत नसतील तर औषध न घेणे हाही योग्य निर्णय असतो. अडत असतील तर दोन जुनी औषधे पहिल्या रांगेत आहेत. प्रोप्रॅनोलॉल ही रक्तदाबासाठीही दिली जाणारी गोळी. दमा असलेल्यांना आणि नाडी मंद असलेल्यांना ती चालत नाही, मधुमेहात साखर उतरल्याची सूचना देणारी धडधड ती झाकून टाकते, आणि ती एकदम बंद करायची नसते. दुसरे प्रिमिडोन, फिटांवरचे औषध. पहिल्या एक-दोन मात्रांनीच वयस्क माणसाला गुंगी, मळमळ, तोल जाणे असे होऊ शकते, म्हणून ते अगदी थोड्या मात्रेने, रात्री झोपताना सुरू करतात. त्या रात्री लघवीला उठताना सोबत कुणी असावे, कारण कंपाने खुबा मोडत नाही, गुंगीत पडल्याने मोडतो. ज्यांना औषध लागू पडते त्यांचा कंप साधारण निम्म्यावर येतो. कित्येकांना पडतच नाही. तेव्हा मात्रा बदलून किंवा टोपिरामेटसारखे दुसरे औषध देऊन पाहतात. मान आणि आवाजाच्या कंपावर गोळ्यांचा फारसा प्रभाव नसतो, तिथे बोट्युलिनमची इंजेक्शने उपयोगी पडतात. पहिल्या चिठ्ठीने जमले नाही म्हणून उपचार सोडणारे फार, आणि नुकसान तिथेच होते.

स्वतःच्या हाताने जेवणे, कपडे घालणे अशक्य झाले आणि औषधे हरली, तर थॅलॅमसवरच काम करणारे दोन मार्ग आहेत. फ्रान्समधल्या ग्रनोब्ल येथे डॉ. अलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली पद्धत म्हणजे मेंदूत बारीक तार बसवून विजेच्या स्पंदनांनी ती लय मोडणे. छातीत कातडीखाली बॅटरी असते आणि स्पंदने कमी-जास्त करता येतात. दुसरा मार्ग कवटी न उघडता ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटण्याचा. त्याला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. रुग्ण डोके भादरून, जागेपणी एमआरआय यंत्रात झोपलेला असतो आणि मधूनमधून त्याला बाहेर काढून तेच वेटोळे काढायला सांगतात. रेघ सरळ होत जाते ती तिथेच दिसते. मात्र थॅलॅमसचा जो ठिपका जाळला तो परत येत नाही, आणि काहींना पुढे मुंग्या किंवा चालताना डळमळ राहते. भारतात पहिली शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत होते, दुसरी मोजक्याच ठिकाणी. दोन्ही महाग आहेत. वय जास्त आहे एवढ्याच कारणाने त्या नाकारल्या जात नाहीत, तेव्हा निदान चौकशी तरी करा.

दोन गोष्टी कुजबुजत विचारल्या जातात, त्या उघड बोलू. दारूच्या एका पेल्याने पुष्कळ जणांचा कंप खरोखर तासाभरासाठी कमी होतो. पण उतरल्यावर तो दामदुपटीने परततो आणि पेल्यांची संख्या वाढत जाते. हा उपचार नव्हे. दुसरे, खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण. त्यात लेव्होडोपा असते, पार्किन्सन्सच्या रुग्णाला जे लागते तेच द्रव्य. इसेन्शियल ट्रेमरवर त्याचा उपयोग नाही, मळमळ आणि रक्तदाब उतरणे मात्र पदरी पडू शकते. शेजाऱ्यांच्या काकांना गुण आला म्हणजे आपल्या बाबांना येईल असे नाही, कारण काकांचा आजार निराळा असू शकतो.

घरातले बदल गोळ्यांइतकेच महत्त्वाचे आहेत. बशी काढून टाका, म्हणजे किणकिणही जाते. कानाचा जाड मग घ्या, निम्माच भरा, दोन्ही हातांनी धरा आणि दोन्ही कोपरे टेबलावर टेकवा. कोपर टेकले की झोका कमी होतो. ताक आणि आमटी वाटीऐवजी मगमधून किंवा नळीने प्यावी. हाताने जेवायची आपली पद्धत इथे मदतीला येते : पोळीचा तुकडा चिमटीत धरून भाजी उचलणे किंवा मऊ कालवलेल्या वरणभाताचा घास घेणे चमच्यापेक्षा सोपे जाते. उंच काठाची थाळी घ्या, खाली ओलसर फडके घाला म्हणजे ती सरकत नाही. चमचा लागलाच तर जड घ्या. स्वयंपाक करणाऱ्या आजींनी विळी बाजूला ठेवावी आणि दोरी ओढायचा चॉपर घ्यावा. निरांजन काडीने न लावता लांब दांड्याच्या लायटरने लावावे. सदऱ्याच्या काजांखाली चिकटपट्टी शिवून घेता येते, वरची बटणे नुसती दिसायला. साडी शिवून आयती मिळते. दाढीला पाते नको, बॅटरीचे यंत्र आणा. काचबिंदूचे थेंब डोळ्यात घालताना थरथरणारा हात कपाळावर टेकवावा, तरी जमत नसेल तर दुसऱ्याने घालावेत. थेंब गालावरून ओघळत राहिले तर नजर जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मोबाइलवर टंकण्याऐवजी मराठीत बोलून मजकूर उतरवता येतो, हे नातवंडांकडून शिकून घ्या. चहा-कॉफीने आपला कंप वाढतो का, हे पंधरा दिवस कमी करून स्वतःच पाहावे. सर्वांचाच तो वाढतो असे नाही.

घरच्यांसाठी एक विनंती. ‘अहो, द्या इकडे, मी भरवते’ हे प्रेमाने म्हटलेले वाक्य चारचौघांत फार लागते. सांडले तर पुसता येते. वेळ द्या, नजर हटवा, आणि विचारल्याशिवाय हातातले घेऊ नका. बाहेर जेवायला जाताना कडेची खुर्ची निवडा आणि वेटरला आधीच ‘पेला अर्धा भरा’ सांगून ठेवा. आणि कंपाबद्दल स्वतःहून एक वाक्य बोलायची त्यांना सवय लागू द्या : ‘माझा हात थरथरतो, बाकी मी ठणठणीत आहे.’ लपवण्याची धडपड थांबली की त्या धडपडीने वाढणारी थरथरही उतरते. दातांच्या, डोळ्यांच्या डॉक्टरांनाही हे वाक्य आधीच सांगावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत मान हलणे त्यांना अगोदर ठाऊक असायला हवे, आणि कंपामुळे हृदयाच्या आलेखात उमटणाऱ्या रेघांना लयीचा बिघाड समजले जाऊ शकते.

राहिला सहीचा प्रश्न, आणि तो लहान नाही. सही जुळत नाही म्हणून धनादेश परत येतो, काउंटरवर पुन्हा पुन्हा सही करायला लावतात, आणि मागे रांग असली की हात आणखी कापतो. वेळ येण्याआधी शाखेत जाऊन आजच्या सहीचा नवा नमुना नोंदवून घ्या. जोडीदाराबरोबर किंवा मुलाबरोबर ‘दोघांपैकी कोणीही’ चालवू शकेल असे संयुक्त खाते करता येते, पण पैशांवर दुसऱ्याचा हक्क येतो याचा विचार करून. सही करणेच जमत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वृद्ध व आजारी खातेदार अंगठा उठवून पैसे काढू शकतो. बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. काउंटरवरच्या माणसाला हा नियम माहीत नसला तर व्यवस्थापकाला भेटा. निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरमध्ये द्यावा लागणारा हयातीचा दाखला आता ‘जीवन प्रमाण’ सेवेतून, मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. त्यात सही लागत नाही. केंद्र सरकारच्या ऐंशीपुढच्या निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासूनच देण्याची मुभा आहे, म्हणजे नोव्हेंबरच्या गर्दीत रांगेत उभे राहायची गरजच उरत नाही.